चुलीचा पाइप कसा निवडावा?

मागील लेखात आपण पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी कशी करावी याचा विचार केला होता. तो वाचून गावाकडच्या काही भगिनींनी एकच प्रश्न विचारला. छपराला भोक पाडून चुलीचा पाइप बाहेर काढायचा आहे, तर तो कोणता घ्यावा? दुकानदार एक सांगतो, गवंडी दुसरेच सांगतो, आणि घरातील कर्ता पुरुष म्हणतो, "स्वस्तातला कुठलाही आणा, धूरच तर जायचा आहे!"

घरात जो माणूस पाइप विकत घेतो तो बहुधा चुलीपुढे बसत नाही, आणि जी बाई रोज दोन-तीन तास चुलीपुढे बसते तिला खरेदीला कोणी विचारत नाही. त्यामुळे पाइप निवडताना किंमत तेवढी पाहिली जाते. परिणाम मात्र आई, बहीण, सून आणि तिच्या मांडीवरचे लेकरू भोगते. म्हणून आज या साध्या वाटणाऱ्या वस्तूविषयी थोडे सविस्तर लिहितो.

चूल अजून का आहे?

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ गरीब घरांत गॅसची शेगडी आली. ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु शेगडी आली म्हणून चूल विझली असे झाले नाही. टाकी भरून आणायला एकरकमी पैसे लागतात. रोजंदारीच्या घरात ते दर महिन्याला जमतातच असे नाही. शेतातून पऱ्हाट्या, तुराट्या, वाळकी लाकडे फुकट मिळतात. मग चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी, डाळ, आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी होते. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ज्यांना परवडते त्यांनी जास्तीत जास्त स्वयंपाक गॅसवरच करावा. चांगल्यात चांगला पाइप लावला तरी चूल गॅसइतकी स्वच्छ होत नाही. ज्या घरात चूल पेटणारच आहे, त्या घरासाठी हा लेख आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा दमा व फुप्फुसाचे जुनाट आजार, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि डोळ्यांतील मोतीबिंदू या सर्वांशी या धुराचा संबंध आहे. आपल्या आया-आज्यांचा जो खोकला आपण "वयाचा" म्हणून सोडून देतो, त्यातला बराचसा चुलीचा असतो.

पाइपाने फरक पडतो काय? पडतो. ग्वाटेमाला देशाच्या डोंगराळ भागात ५३४ कुटुंबांची पाहणी झाली. काही घरांना धुराडे असलेली चूल दिली, बाकीची घरे उघड्या चुलीवरच राहिली. धुराड्याच्या घरांत बाळांच्या वाट्याला येणारा कार्बन मोनॉक्साइड जवळपास निम्म्यावर आला, आणि गंभीर स्वरूपाचा न्यूमोनियाही कमी आढळला. हे निष्कर्ष २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले.

आपल्याकडेही ही कल्पना जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४० नंतरच्या दशकात धुराड्याची "मगन चूल" तयार झाली. १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. पुढे १९८३-८४ पासून २००२ पर्यंत केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. सरकारी हिशेबाने देशभर ३ कोटींहून अधिक चुली बसल्या. आज गावात फिरून पाहा. त्यांतल्या किती टिकल्या? कुठे पाइप फुटला, कुठे काजळीने बुजला, कुठे छपराच्या वर पुरेसा गेलाच नव्हता म्हणून धूर उलटा घरात येऊ लागला आणि बाईने कंटाळून तो भाग मातीने लिंपून टाकला. चूल वाईट नव्हती. तिचा पाइप निवडताना आणि बसवताना हयगय झाली.

पाइप धूर ओढतो कसा?

हे समजले म्हणजे दुकानदार आपल्याला फसवू शकत नाही. गरम हवा हलकी असते. ३० अंश तापमानाची १ घनमीटर हवा सुमारे १ किलो १६५ ग्रॅम भरते. तीच १५० अंशांना तापली की सुमारे ८३५ ग्रॅम राहते. पाइपातील हलका धूर वर सरकतो आणि त्याची जागा घ्यायला चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत शिरते. पाइप जितका उंच आणि आतला धूर जितका गरम, तितकी ओढ जास्त.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. आखूड पाइप ओढत नाही. आणि ज्या पाइपातील धूर वाटेतच थंड होतो, तोही ओढत नाही. जमिनीपासून टोकापर्यंत १० ते १२ फूट उंची मिळाली तर घरगुती चुलीचे काम नीट होते. शक्य असेल तेवढा पाइप घराच्या आतूनच सरळ वर न्यावा. भिंतीबाहेर काढून मग वर नेलेला पाइप थंड पडतो आणि त्यात काजळी लवकर धरते.

व्यास किती असावा?

दुकानात ३ इंची आणि ४ इंची असे दोन पाइप समोर येतात. फरक १ इंचाचा दिसतो, म्हणून आपण स्वस्त तो उचलतो. मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून आकडे मांडून पाहतो. ३ इंची पाइपाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस इंच, ४ इंचीचे साडेबारा चौरस इंच, आणि ६ इंचीचे सव्वाअठ्ठावीस चौरस इंच. म्हणजे १ इंच वाढवला की धुराला जवळजवळ पावणेदोन पट वाट मिळते. शिवाय आत पाव इंच काजळी चढली तर ३ इंची पाइपाची सुमारे ३० टक्के वाट बंद होते, ४ इंचीची सुमारे २३ टक्के.

चूल आणि वैल अशा दोन भांड्यांच्या घरगुती मातीच्या चुलीला ४ इंची पाइप ठीक. लोखंडी तयार चूल घेतली असेल तर तिच्या मागच्या तोंडाचा जो व्यास असेल, त्यापेक्षा लहान पाइप कधीही जोडू नये. ६ इंची तोंडाला कपात करून ४ इंची पाइप लावला की धूर पुढून घरात येणारच. उलट फार मोठा पाइपही नको. त्यात धूर रेंगाळतो आणि थंड होतो. समाजमंदिरात किंवा वसतिगृहात मोठ्या भट्टीला धुराडे करायचे असेल तर घरच्या चुलीचे माप लावू नये, ते जाणकार कारागिराकडून भट्टीच्या तोंडाप्रमाणे काढून घ्यावे.

कोणत्या वस्तूचा पाइप घ्यावा?

पीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचा पाइप. नळकामातला उरलेला असतो, फुकट असतो, म्हणून लावला जातो. हा कदापि लावू नये. सुमारे ८० अंशांना तो मऊ पडू लागतो, आणि पेटला तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा विषारी वायू निघतो.

सिमेंटचा पांढरा-करडा पाइप. जुन्या निर्धूर चुलींना पुष्कळ ठिकाणी हाच असायचा. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पाइप कापताना, फोडताना, आतून तारेने खरवडताना हे तंतू हवेत उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेने निर्विवादपणे सांगितले आहे, आणि आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी दिसतो. शिवाय एकाएकी तापला तर हा पाइप तडकतो. नवीन घेताना हा घेऊच नये. घरात जुना असेल तर करवतीने कापू नये, हातोड्याने फोडू नये. काढायचा असेल तर पाण्याने भिजवून, तोंडाला एन-९५ प्रतीचा मास्क लावून, अखंडच उतरवावा. तुकडे मुलांच्या खेळायच्या जागी टाकू नयेत.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे जीआय पाइप. सर्वांत जास्त खपतो आणि वरच्या भागासाठी चांगला आहे. परंतु चुलीलगतच्या भागात उष्णता जास्त असते. सततची उष्णता २०० अंशांपलीकडे गेली की जस्ताचा थर सुटू लागतो, आणि ४२० अंशांच्या आसपास जस्त वितळते. मग उघडा पडलेला पत्रा गंजून दीड-दोन पावसाळ्यांत चाळणी होतो. म्हणून चुलीपासूनचे पहिले ३ फूट साध्या जाड लोखंडी पत्र्याचे किंवा भाजलेल्या मातीचे करावेत, आणि त्यावर जीआय चढवावा.

भाजलेल्या मातीचे नळ. कुंभाराने घडवलेले किंवा सांडपाण्यासाठी मिळणारे चकाकीचे मातीचे नळ गंजत नाहीत, आतील धूर गरम ठेवतात, आणि स्वस्तही पडतात. दोष एवढाच की वजन जास्त, म्हणून भिंतीला पक्का आधार हवा. धक्क्याने फुटतात. ज्यांचे घर विटांचे किंवा दगडी आहे त्यांनी याचा जरूर विचार करावा. कोकणात खारी हवा पत्रा लवकर खाते, तिथे तर हा चांगला पर्याय आहे.

स्टेनलेस स्टील. सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत महाग. यात ३०४ आणि २०२ अशा प्रती असतात. ३०४ मध्ये निकेल जास्त असते आणि ते गंजाला चांगले तोंड देते. पुष्कळ दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात आणि म्हणतात, "बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल." या प्रयोगावर विसंबू नका. २०२ प्रतीलाही चुंबक सहसा चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर काय ते समजून घ्या.

ॲल्युमिनियमची सुरकुत्यांची लवचीक नळी. ही शहरात गॅसच्या ओट्यावरील विजेच्या चिमणीसाठी असते. लाकडाच्या चुलीला ती लावू नये. पातळ असते, सुरकुत्यांत काजळी साचते, आणि साफ करताना फाटते.

तेलाच्या डब्यांचा पाइप. गावातले पत्र्याचे कारागीर हा करून देतात. तात्पुरता चालतो, पण जोडाला डाख दिलेला नसावा. डाख १९० अंशांच्या आसपास वितळतो आणि जोड सुटतो. पत्रा दुमडून ठोकलेला किंवा रिबीट मारलेला जोड मागावा.

जाडी ओळखावी कशी?

दुकानदार सांगतो "२४ गेज" आणि देतो २८ गेज. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २४ गेज म्हणजे सुमारे ०.५६ मिलिमीटर, २८ गेज म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर. डोळ्यांना फरक कळत नाही, काट्याला कळतो. ४ इंच व्यासाचा ३ फूट लांबीचा लोखंडी पाइप २४ गेजचा असेल तर सुमारे १ किलो ३०० ग्रॅम भरतो. २८ गेजचा असेल तर ९०० ग्रॅमच्या आतबाहेर. दुकानात वजनकाटा असतोच. लाजू नका, पाइप काट्यावर ठेवायला सांगा. वरच्या भागाला २४ गेज पुरे. चुलीलगतच्या पहिल्या ३ फुटांना २० किंवा १८ गेज घ्यावा.

जोड, वळणे आणि छप्पर

पाइपाचे तुकडे एकात एक बसवताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत जावे. बहुतेक कारागीर उलटे बसवतात. धुरातील ओल आणि डांबरासारखा काळा चिकट रस आतल्या बाजूने खाली ओघळतो. वरचा तुकडा आत असेल तर तो रस आतच राहून चुलीत जळतो. उलट बसवला तर प्रत्येक सांध्यातून बाहेर झिरपतो, भिंत काळी होते आणि दुर्गंधी सुटते. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारावेत आणि चिकणमाती व राखेचा किंवा भट्टीच्या सिमेंटचा लेप द्यावा. नळकामाची लुगदी उष्णतेने जळते, ती वापरू नये. छपराच्या वर निघणारा तुकडा मात्र अखंड एकच घ्यावा. तिथे सांधा ठेवला की पावसाचे पाणी त्यातून आत येते.

वळणे जितकी कमी तितके चांगले. दोनपेक्षा जास्त नकोतच. काटकोनी एका वळणाऐवजी ४५ अंशांची दोन तिरकी वळणे घेतली तर धूर अडत नाही. आडवा पाइप टाकावाच लागला तर तो शक्य तेवढा आखूड ठेवावा आणि दर फुटाला पाव इंच तरी वर चढता असावा. सरळ पाइपाच्या बुडाशी "टी" बसवून तिच्या खालच्या तोंडाला काढता येणारे बूच ठेवावे. ज्या पाइपाला हे बूच नाही तो कधी साफ होत नाही.

छपरातून नेताना सर्वांत मोठी काळजी आगीची. एकेरी पत्र्याचा पाइप आणि लाकूड, बांबू, गवत, कुडाची भिंत, ताडपत्री यांच्यामध्ये कमीत कमी १८ इंच अंतर हवे. लाकूड रोज तापत राहिले की वर्षानुवर्षे वाळत जाते आणि एक दिवस कमी उष्णतेलाही पेट घेते. म्हणून वाशाला लागून पाइप नेऊ नये. जागा कमी असेल तर वाशापुढे पत्र्याची आडोशी लावावी आणि पत्रा व लाकूड यांत इंचभर हवा खेळती ठेवावी. गवताच्या छपरातून एकेरी पाइप नेऊच नये. तिथे भिंतीलगत विटांचे धुराडे बांधावे. पत्र्याच्या किंवा कौलारू छपरात पाइपाभोवती पत्र्याची कॉलर आणि तिच्यावर पाइपाला घट्ट बसलेली छत्रीसारखी झालर असावी, म्हणजे पाणी पाइपावरून ओघळून घरात येत नाही.

किती वर न्यावा? अमेरिकेतील आगीच्या नियमात एक सोपा ठोकताळा आहे. छपरातून जिथे पाइप बाहेर पडतो तिथून ३ फूट वर असावा, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल, आढे असो वा शेजारची भिंत, त्याच्यापेक्षा २ फूट उंच असावा. आपल्याकडे दाट वस्तीत याचे महत्त्व दुप्पट आहे. आपला पाइप शेजाऱ्याच्या खिडकीसमोर उघडत असेल तर आपण आपला धूर त्याच्या लेकरांना दिला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

टोकाला टोपी हवी, पण टोपी आणि पाइप यांत पाइपाच्या व्यासाइतकी मोकळी जागा ठेवावी. पाखरे आत जाऊ नयेत म्हणून जाळी लावली असेल तर ती काजळीने बुजली नाही ना हे पाहत जावे. इतका उंच पाइप वादळात हलतो, म्हणून तीन बाजूंनी तारेचा ताण द्यावा.

हिमाचल, काश्मीर, लडाखकडे थंडीसाठी घरात लाकडाची शेगडी पेटवतात. तिथल्यासारख्या थंड मुलखांत दुहेरी भिंतीचा, मधे उष्णतारोधक भरलेला पाइपही वापरतात. बाहेरच्या थंडीत आतला धूर गार पडू नये हा त्याचा हेतू. आपल्या हवामानात त्याची सहसा गरज नाही. कोणी महागडा म्हणून गळ्यात मारू लागला तर घेऊ नये.

घेतल्यानंतरची जबाबदारी

ओडिशात सुमारे २६०० कुटुंबांना सुधारित चुली देऊन चार वर्षे पाहणी झाली. रेमा हॅना, एस्तर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अभ्यासकांनी ती केली, आणि २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षी श्वासातून जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फायदा उरला नाही, कारण लोकांनी त्या चुली नियमित वापरल्या नाहीत आणि त्यांची देखभाल केली नाही. सरकारी योजनेत चूल मोजली जाते. पाइप साफ केला की नाही, हे मोजायला कोणी येत नाही. ते घरातल्यांनीच पाहायचे असते.

महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, खालचे बूच काढून पाइप झाडावा. लांब बांबूला गोणपाट किंवा नारळाच्या काथ्याचा बोळा बांधला की काम होते. काजळीचा थर ३ मिलिमीटरचा दिसला तर महिना पूर्ण व्हायची वाट पाहू नये. नाकातोंडाला मास्क, डोक्याला फडके, आणि नंतर साबणाने आंघोळ. लहान मुलांना या कामाला लावू नये.

हे शेवटचे वाक्य मुद्दाम लिहितो. इंग्लंडमध्ये एके काळी गरिबाघरच्या लहान पोरांना धुराड्यात चढवून काजळी काढायला लावत. पर्सिव्हल पॉट नावाच्या लंडनच्या शल्यविशारदाने १७७५ साली दाखवून दिले की धुराडी झाडणाऱ्यांना अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग काजळीमुळे होतो. तरीही १८७५ साली कडक कायदा होईपर्यंत, म्हणजे आणखी १०० वर्षे, पोरे धुराड्यात चढतच राहिली. कारण ती कोणाची होती, हे आपल्याला सांगायची गरज नाही. घाणीचे काम दुर्बळाच्या माथी मारण्याची रीत आपल्या घरात तरी नसावी. ज्या पुरुषाने पाइप आणला त्यानेच तो महिन्यातून एकदा झाडावा.

ओले लाकूड, प्लास्टिक, रंग दिलेले फर्निचर, प्लायवूडचे तुकडे चुलीत घालू नयेत. ओल्या लाकडाने पाइपात डांबर धरते, बाकीच्यांनी विषारी धूर होतो. डांबर धरलेला पाइप कधी आतून पेटतो. तेव्हा जोराचा घोंघावणारा आवाज येतो आणि पाइप लाल होतो. अशा वेळी तापलेल्या पाइपावर पाणी मारू नये. चुलीतला जाळ वाळू किंवा राखेने दाबावा, चुलीचे तोंड पत्र्याने बंद करावे, सगळ्यांना बाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. निखारे असताना पाइपाची झडप पूर्ण बंद करून, दारे-खिडक्या लावून झोपू नये. बंद मोरीत आंघोळीचा बंब पेटवू नये. डोके दुखणे, मळमळ, गुंगी घरात एकाच वेळी दोघा-तिघांना जाणवली तर ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि दवाखाना गाठावा.

थोडा हिशेब

कार्यालयात निविदा उघडताना वर्षानुवर्षे पाहतो आहे. सर्वांत कमी दराची वस्तू दोन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, आणि तेव्हा पहिली खरेदी कोणाच्या लक्षात नसते. घरातही तेच होते. उदाहरणादाखल समजा, पातळ पाइप ५०० रुपयांना मिळाला आणि दीड वर्षात गेला. म्हणजे वर्षाला ३३३ रुपये पडले. जाड पाइप १२०० रुपयांना मिळाला आणि ६ वर्षे टिकला, तर वर्षाला २०० रुपये. हिशेबाच्या पुस्तकात याला घसारा म्हणतात. आपल्या गावातील खरे भाव घालून हा हिशेब स्वतः मांडून पाहा. एकदम पैसे नसतील तर बचत गटातून दोन-चार घरांनी मिळून पाइप घ्यावेत. एकत्र घेतले तर भावही उतरतो आणि कारागीर एकाच फेरीत सगळे बसवतो.

दुकानात जाताना ही यादी चिठ्ठीवर लिहून न्यावी :

१) चुलीच्या मागच्या तोंडाचा व्यास मोजून. घरगुती मातीच्या चुलीला ४ इंच.
२) खालचे ३ फूट जाड लोखंड किंवा भाजलेली माती, वर २४ गेज जीआय.
३) वजन करून घेणे.
४) जोड दुमडलेला किंवा रिबीटचा. डाख नको.
५) बुडाशी "टी" आणि बूच.
६) टोपी, कॉलर, झालर, ताणाची तार.
७) छपराच्या वरचा तुकडा अखंड.
८) बिल, आणि त्यावर गेज किंवा प्रत लिहिलेली.

पाइप बसवून झाल्यावर कारागिराचे पैसे लगेच चुकते करू नका. चुलीत मूठभर वाळका पालापाचोळा पेटवा. धूर चुलीच्या तोंडातून बाहेर न येता आत ओढला गेला पाहिजे. प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती फिरवा. तिचा धूर सांध्यात ओढला गेला तर तिथे फट आहे, ती बुजवून घ्या. आणि ही परीक्षा घरात जी स्वयंपाक करते तिच्या हातून व्हावी. तिने "ठीक आहे" म्हटल्यावरच पैसे द्यावेत.

पुढील लेखात भाड्याच्या खोलीतील विजेच्या जोडणीची तपासणी घरच्या घरी कशी करावी, ते पाहू.